प्रिंटरात गेलेली हळद

माझ्या भाचीच्या लग्नात सगळ्यात आधी हळद लागली ती माझ्या नव्या प्रिंटरला. निदान त्या दुपारी मांडवातल्या सगळ्यांचं मत तसं पडलं, आणि त्यात सगळ्यात ठाम मत माझं होतं.

भाची म्हणजे पल्लवी. माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची, एकुलती एक मुलगी. शालूला आम्ही वेवजीला दिली होती, तलासरीच्या पलीकडे. ती वारली त्याला दोन वर्षं झाली. आता शालूचं एक होतं. फोटोचं नाव काढलं की ही बाई गायब! कॅमेरा दिसला रे दिसला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. घरातल्या झाडून सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये ती आहे, पण कुठे नुसती पाठ, कुठे कोपर, कुठे पदराचं टोक. त्यामुळे ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. शेवटी मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला. त्यात ती अशी बघते, जणू समोर तिची कोंबडी चोरणारा उभा आहे.

पल्लवीला तो फोटो डोळ्यांसमोर नको असायचा. लग्न ठरलं तसा तिचा मला डहाणूला फोन आला. वेवजीला त्यांच्या घरी हळद आधी देवाला, मग घरातलं जे माणूस गेलंय त्याच्या फोटोला आणि मग नवरीला, अशी रीत. फोटो पाटावर नवरीच्या समोर ठेवायचा. पल्लवीचं म्हणणं, भिंतीवरचा फोटो पाटावर येता कामा नये. तिच्या मोबाइलमध्ये एक होता. महालक्ष्मीच्या जत्रेत तिनं चोरून काढलेला. शालूच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास, ओठावर फेस, आणि बाई कशाला तरी खो खो हसतेय. कॅमेऱ्यासमोर ती अशी हसली ती जन्मात एकदाच, तेही समोर कॅमेरा आहे हे तिला माहीत नव्हतं म्हणून.

"मामा, ती हसणारी आई समोर असली तरच मी हळदीला बसेन," पल्लवी म्हणाली. "तू करशील ना एवढं?"

पोरगी हट्टी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तिनं लहानपणापासून कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून मी लगेच हो म्हटलं.

कोणाही शहाण्या माणसानं तो फोटो मोबाइलवर मागवून घेतला असता, स्टुडिओ गाठला असता आणि काम उरकून येताना भाजी आणली असती. पण मी पडलो चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. फोटो, रंग, कागद यातलं मला कोणी शिकवायचं म्हणजे अपमानच! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की स्टुडिओ वगैरे काही नाही, मी घरच्या घरी फोटो काढणारा छोटा प्रिंटर घेतो, तो घेऊनच वेवजीला येतो, आईचा फोटो तर काढूच, शिवाय हळदीला आलेल्या एकेकाच्या हातात त्याचा त्याचा फोटो ठेवू. फोन ठेवल्यावर सुनंदा, म्हणजे आमची बायको, एवढंच म्हणाली की फोटो एक हवाय आणि तुम्ही कारखाना काढताय.

मग सुरू झाली निवड. घरात वापरायचे हे छोटे प्रिंटर तीन जातीचे असतात, हे ज्ञान मला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून झालं. एकात शाईच नसते, रंग म्हणे कागदातच लपलेले असतात. दुसरा शाईचा, पण रोज वापरला नाही तर त्याचं तोंड वाळतं. तिसरा फितीचा. त्यात रंगीत फीत असते, ती तापते आणि रंग कागदावर उतरतो. मी सकाळी उठलो की व्हिडिओ लावायचो. सुनंदा चहा पुढे ठेवायची, मी तिला फितीचे फायदे सांगायचो. शेजारीपाजारी चिकू द्यायला आले तरी त्यांना बसवून शाई वाळण्याचे धोके समजावायचो. हळूहळू चिकू यायचे बंद झाले. (व्हिडिओ मी भरभर पुढे ढकलत बघत होतो, हे इथेच सांगून टाकतो. प्रिंटर चालू केला की पुढच्या क्षणाला त्या माणसाच्या हातात तयार फोटो! मधलं काय होतं ते त्यानंही दाखवलं नाही आणि मलाही बघायची गरज वाटली नाही.)

पहिल्यांदा आणला तो बिनशाईचा. खिशात मावतो म्हणून मी भाळलो होतो. त्यातून फोटो आला तोही खिशात मावेल असाच, बिस्किटाएवढा. सुनंदानं तो तळहातावर घेतला, चष्मा लावला आणि शालू नक्की यातली कुठली, उसाचा रस की बाकीची, असं विचारलं. पाटावर ठेवला तर हळदीचं बोट लावल्यावर खाली काही उरलंच नसतं. तो मी परत केला. दुकानदारानं शाईचा दाखवला, मी त्याला तोंड वाळण्यावर व्याख्यान दिलं. शेवटी फितीचा मागवायचा ठरला. दुकानदार म्हणाला येईल परवापर्यंत. ते परवा रोज पुढे जात राहिलं आणि लग्न रोज जवळ येत राहिलं.

आता धाकधूक व्हायला लागली. गुपचूप स्टुडिओ गाठावा म्हणून बाहेर पडलो, तर ऐन लग्नसराईत डहाणूतला एकही फोटोवाला जागेवर नाही. वाणगावपर्यंत जाऊन आलो. तिथल्याच्या दुकानालाही कुलूप, शेजारचा म्हणाला तो लग्नाच्या शूटिंगला गेलाय. पल्लवीचे फोन येत होते. ती विचारायची, मामा झालं का? मी म्हणायचो, झाल्यातच जमा आहे. हळदीच्या आदल्या संध्याकाळी प्रिंटर आला तेव्हा मी दुकानात त्याला हात जोडले.

घरी एक फोटो काढून बघावा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं! पण सोबत कागदाचं मोठं पाकीट आलंच नव्हतं. खोक्यात होते ते नमुन्याचे मोजके कागद, आणि फीतही तेवढ्याच कागदांपुरती. सुनंदा म्हणाली, एकतरी काढून बघा. मी म्हटलं, एवढा अभ्यास केलाय तो काय उगाच? एकही कागद फुकट घालवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर मांडीवर घेऊन मी सुनंदाबरोबर वेवजीला पोचलो. मांडव भरलेला होता. नवरा मुलगा गुजरातेतल्या उंबरगावकडचा, म्हणजे राज्य बदललं तरी अंतर आमच्या डहाणूपेक्षा कमीच. त्याची उष्टी हळद घेऊन त्यांची मंडळी दुपारी येणार, आली की लगेच पल्लवीला हळद लावायची, असा बेत. ओट्यावर बायका जात्यावर हळद दळत होत्या. सगळ्यांच्या वरताण आत्याबाई, माझ्या भावोजींची, म्हणजे शालूच्या नवऱ्याची, आत्या. वय झालंय, पण आवाज हायवेपर्यंत जाईल असा. प्रिंटरला वीज लागते आणि रिकामा प्लग सापडला तो नेमका जात्याच्या डोक्यावर. तिथेच स्टूल मांडून मी मशीन ठेवलं. त्यावर एक चिकटपट्टी होती, हाताचं चित्र आणि त्यावर फुली. जमलेल्या मंडळींना मी समजावून सांगितलं की मळक्या हातानं शिवायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी स्वतः साबणानं हात धुऊन आलो.

पल्लवीचा मोबाइल जोडला. पल्लवी आत, पिवळी साडी नेसून तयार. भावोजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे. एरवी बोलका माणूस, पण सकाळपासून गप्प होता. मी बटण दाबलं. मशीन घुर्रर्र करायला लागलं. कागद आत गेला आणि हळूहळू बाहेर यायला लागला.

पिवळा!

नुसता पिवळा. शालूचे केस पिवळे, ग्लास पिवळा, जत्रा पिवळी. बायकांचं जातं थांबलं. कागद पुरता बाहेर आला आणि काय आश्चर्य, परत आत जायला लागला. म्हटलं हे मशीन आता फोटो गिळतंय! मी तो पकडला आणि ओढून काढला. मशीननं एक करकर आवाज केला आणि लाल दिवा लावला.

"हळद गेली त्यात," आत्याबाई म्हणाल्या.

आणि मी, ज्यानं आठवडाभर डहाणूतल्या लोकांना प्रिंटर शिकवला, मी मान डोलावली. पटलंच मला! जात्यातून हळद उडतेय, माझ्या बाह्या पिवळ्या झाल्यात, हवेला हळदीचा वास. मशीनच्या पोटात जायला कितीसा वेळ? मी स्टूल लांब ओढलं. फुंकर मारली. सुनंदाचा पदर घेऊन आतून पुसलं. कोणीतरी रांगोळीची पिसाची कुंचली दिली, ती फिरवली. उलटं करून पाठीत दोन धपाटे घातले. दुसरा कागद घातला. परत पिवळा, परत आत जायला लागला, परत मी ओढला. तिसऱ्याला मी ओढणार नाही असं ठरवलं होतं, पण पिवळं दिसलं की हात आपोआप जायचा. सुनंदा म्हणाली, अहो, एकदा त्याला आत जाऊन तर येऊ द्या. मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं?

तेवढ्यात खबर आली की उंबरगावची मंडळी निघाली.

आतून पल्लवीची मैत्रीण विचारून गेली. मी म्हटलं, झालंच. भावोजी खांब सोडून जवळ आले, पिवळे कागद बघितले आणि परत खांबाशी जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. पोरीला आई नाही, तिनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही माझ्याकडे, आणि मी हळदीत माखलेलं यंत्र घेऊन बसलोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी फीत बाहेर काढली. आणि बघतो तर काय, फीतच पिवळीधमक! मी ती सगळ्यांना उंच धरून दाखवली. बघा, म्हटलं, इथे बसलीय हळद. आत्याबाईंनी ओलं फडकं आणलं. मी फीत पुसायला बसलो. एक टोक सुनंदानं धरलं, एक मी. पुसतोय, पुसतोय, पण हळद निघता निघेना. घरची हळद चांगली असते हे खरं, पण इतकी पक्की? फीत आणखी ओढली तर पुढे लालभडक.

"कुंकूपण गेलं," आत्याबाई म्हणाल्या.

पूजेचं ताट शेजारीच होतं. त्यामुळे तेही पटलं! मी कुंकू पुसायला लागलो. तेही जाईना. आणखी ओढली, आणि पुढे आली स्वच्छ, लख्ख निळी.

आता निळं कुठून आलं? सगळे विचारात पडले. आत्याबाईंनी पातळांना घालायच्या निळीचा संशय घेऊन पाहिला, पण नीळ परसात होती. पिवळं, लाल, निळं. मी हातातल्या फितीकडे बघत बसलो. पुढे परत पिवळं, लाल, निळं. जन्मभर मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर तीन गोल काढून ओरडत आलो की हे तीन मूळ रंग, यांच्यातून बाकीचे सगळे होतात! आणि त्या तीन गोलांना मी ओल्या फडक्यानं पुसत बसलो होतो. कागद आत जात होता तो दुसरा रंग घ्यायला, आणि फुली मारलेला तो हात सांगत होता की मध्येच ओढू नका. मला इतका जबर धक्का बसला की हात झटकला गेला, आणि निळ्यावर फीत फाटली.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिनं चारचौघांत एक अक्षर काढलं नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

उरला होता एक कागद आणि फितीचा तेवढाच तुकडा. मी फाटक्या निळ्याला चिकटपट्टी लावली, फीत पेन्सिलीनं गुंडाळून आत बसवली आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. सुनंदानं माझे दंड धरले, खबरदारी म्हणून. रस्त्यावर बेंजोच्या बँडचा आवाज यायला लागला होता. उंबरगावची गाडी वळणावर आली. पल्लवी आतून उठून दारात येऊन उभी राहिली.

कागद बाहेर आला, पिवळा. मी डोळे मिटले. कागद आत गेला. परत बाहेर आला, आणि शालू दिसायला लागली. पिवळ्यावर लाल चढलं, केस गडद झाले, डोळे आले, ओठ आले, ओठावरचा फेससुद्धा. आता फक्त निळं. कागद तिसऱ्यांदा आत निघाला, अर्धा गेला, मशीन कण्हलं आणि थांबलं. चिकटपट्टीवर अडकलं. लाल दिवा लागला तो लागलाच.

बेंजो दारात आला होता. मला हात लावायचा धीर होईना. सुनंदानं कागद हळूच सोडवून घेतला. हिरवं काही नाही, काळं काही नाही. आख्खी शालू हळदकुंकवाच्या रंगात न्हालेली, आणि खो खो हसतेय.

मी पल्लवीकडे बघून म्हटलं, "पोरी, बिघडवला गं मी. एवढं एक काम होतं."

आत्याबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "काय बिघडलंय मास्तर?" त्या म्हणाल्या. "सवाष्ण गेलीय ती. हळद आणि कुंकू, आणखी काय लागतं तिला? आणि आज लेकीची हळद. तिची तिनं आधीच लावून घेतली."

पल्लवी पुढे आली. तिनं फोटो बघितला आणि तिचा चेहरा आधी रडायला गेला आणि मधूनच हसायला वळला. तेव्हा ती इतकी शालूसारखी दिसली की मी मांडवाच्या छताकडे बघायला लागलो. भावोजींनी तिच्या हातून फोटो घेतला, स्वतः पाटावर ठेवला, आणि सकाळपासून पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "चला, ती आली. बसा आता."

हळद झाली, लग्न झालं. उंबरगावच्या मंडळींनी फोटो असा का म्हणून विचारलं तेव्हा आत्याबाईंनी बेधडक सांगितलं की आमच्याकडे सवाष्ण गेली की तिचा असाच काढायचा असतो. त्यांनीही मान डोलावली.

पण माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं. महिनाभरानं कागदाचं मोठं पाकीट आणि नवी फीत आली. मी दार लावून घेतलं, हात मांडीखाली दाबून बसलो आणि शालूचा फोटो काढला. कागद पुन्हा पुन्हा आत गेला, बाहेर आला, आणि काय सांगू! उसाचा रस हिरवट, शालूची साडी निळी, मागे पाळणा, सगळं जिथल्या तिथे. चांगली काच लावून घेतली आणि तो फोटो घेऊन पल्लवीच्या सासरी गेलो. भिंतीवर ती हळदकुंकवातली शालू लावलेली होती. म्हटलं, आता ती काढ आणि ही लाव.

पल्लवीनं फोटो घेतला. निरखून बघितला, बोटानं पुसला. मी खुर्चीत ताठ होऊन बसलो. कौतुकाला तयार.

"छान आलाय मामा," ती म्हणाली. "भिंतीवर तोच राहू दे, हा मी कपाटात ठेवते. पण एवढा चांगला कोणाकडून काढून आणलास?"

मी म्हटलं, "आहे एक डहाणूत. स्टुडिओवाला."